कोर्टाची पायरी चढण्यापूर्वी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. पण मग भांडण मिटवायचे कसे, हे काही ती म्हण सांगत नाही. त्यामुळे इथे आपली मंडळी एक तर मुकाट्याने नुकसान सोसतात, नाही तर तडक वकील गाठतात. माझ्या मते आधी मध्यस्थीचा रस्ता धरावा. महाराष्ट्रात २००७ साली सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेत गावोगावचे तंटे असेच समोरासमोर बसून मिटवण्यावर भर होता. अमिरातीतही तशी सोय आहे.

गेल्या वर्षी माझ्या दुबईतील घरमालकाने भाडे ७० हजार दिरहमवरून ८० हजार केल्याचे कळवले, तेही करार संपायला जेमतेम दीड महिना उरला असताना. २००७ च्या भाडेकायद्यातील २००८ च्या दुरुस्तीनुसार, करारात वेगळे ठरलेले नसेल तर अटी बदलण्याची सूचना ९० दिवस आधी द्यावी लागते. म्हणजे कायदा माझ्या बाजूने! दावा ठोकायचा, असे मी ठरवूनच टाकले. मग खर्चाचा हिशेब मांडला. फी वार्षिक भाड्याच्या साडेतीन टक्के, म्हणजे २,४५० दिरहम. कागदपत्रांचे अरबी भाषांतर आणि रजा वेगळीच. शिवाय जिंकलो तरी राहायचे त्याच्याच घरात.

२०१३ साली स्थापन झालेल्या भाडेविवाद केंद्रात समेटासाठी स्वतंत्र विभाग आहे. तिथे समोरासमोर बसल्यावर कळले, की मालकाला जास्त भाड्यापेक्षा पैसे लवकर हवे होते. त्याचे बँकेचे हप्ते थकले होते. मी चारऐवजी दोन चेक द्यायचे कबूल केले, भाडे ७० हजारच राहिले. निकालपत्रात असा तोडगा कुठून आला असता? पुढे ऑगस्टमध्ये एसी बंद पडला, तेव्हा त्याच मालकाने त्याच दिवशी माणूस पाठवला!

नोकरीच्या भांडणात व्हिसा गुंतलेला असतो, म्हणून मध्यस्थीची गरज तिथे अधिक. मनुष्यबळ मंत्रालयाकडे तक्रार केली की आधी समेटाचाच प्रयत्न होतो. जानेवारी २०२४ पासून ५० हजार दिरहमपर्यंतच्या दाव्यांवर मंत्रालय स्वतः निर्णय देऊ शकते. प्रकरण पुढे कोर्टात गेलेच, तर एक लाखापर्यंतच्या दाव्याला कामगाराला कोर्ट फी माफ आहे. दुबईचे आंतरराष्ट्रीय वित्तीय केंद्र आणि अबुधाबी ग्लोबल मार्केट इथल्या नोकऱ्यांना मात्र त्यांचे वेगळे कायदे लागू होतात.

मध्यस्थी म्हणजे भिडेखातर माघार नव्हे. आपला हक्क काय, हे ठाऊक नसताना बसलात तर ती नुसती घासाघीस होते आणि तीत पगार देणारा नेहमीच वरचढ ठरतो. माझ्या एका मित्राने ग्रॅच्युइटीचे तोंडी ठरवून ‘सर्व येणे मिळाले’ या कागदावर आधीच सही केली. निम्मे पैसे आलेच नाहीत. ठरलेले लेखी घ्यावे, मंत्रालयात वा केंद्रात त्याची रीतसर नोंद करावी आणि पैसे खात्यात आल्याशिवाय पावती देऊ नये.

बोलणी लांबवून मुदत संपवणे ही तर जुनीच युक्ती आहे. नोकरीसंबंधीचा दावा नोकरी संपल्यापासून दोन वर्षांत करावा लागतो. ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि मगच बोलणी करायला बसा.