भूकंप आपण आणला नाही, मग?

सिव्हिलच्या पोरांचं एक ठरलेलं वाक्य आहे, "भूकंप काय आपण आणला का?" प्रोजेक्टसाठी पडझडीचा सर्व्हे करायचा, फोटो काढायचे, तक्ते भरायचे. आपण कुणाचं वाईट केलं नाही, मग अडचण कसली? मला हे पटत नाही.

मी जेऊरचा. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा माझा जन्मही नव्हता. पण आमचं जुनं घर त्याच पद्धतीचं आहे. दगड-मातीच्या रुंद भिंती, वर माळवद. किल्लारी-सास्तूर भागात हजारो माणसं गेली ती अशाच घरांखाली. भिंतीचा बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा, मधे चिपा आणि माती. दोन्ही थर बांधून ठेवणारा आरपार दगडच नाही. हादरा बसला की भिंत उभी फाटते आणि माळवदाची सगळी माती झोपलेल्या माणसावर येते.

हे कळलं, कारण कुणीतरी ढिगाऱ्यात जाऊन मोजमापं घेतली. आयएस १३८२८ या १९९३ च्याच मानकात आरपार दगड किती अंतरावर घालायचे तेही दिलंय. त्यामुळे "लोकांच्या जखमेवर कशाला अभ्यास?" म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. अभ्यास हवाच.

पण कोयनेचं बघा. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर तिथं इतका अभ्यास झाला की शोधनिबंधांत त्या भागाला 'नैसर्गिक प्रयोगशाळा' म्हणतात. शास्त्रज्ञांनी हादरे आणले नाहीत, मान्य. (धरण मात्र आपल्याच जातकुळीच्या इंजिनिअरांनी बांधलं, हे जाता जाता.) त्या शब्दात तिथं राहणारी माणसं कुठं दिसतात?

समजा, सर्व्हे करताना एखाद्या घराची भिंत फुगलेली दिसली. घरातल्या आजींना त्यातलं काही माहीत नाही. आपण 'नमुना क्र. १४' लिहून चहा पिऊन निघालो. भिंत आपण फुगवली नाही, पण ती पडणार हे आता आपल्याला माहीत आहे. न सांगता निघालो तर पुढचं आपल्याकडं येतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून डिपार्टमेंटला सुचवतो की फोटोआधी विचारावं, आणि घरमालकाला त्याच दिवशी एक पान मराठीत लिहून द्यावं : कुठली भिंत धोक्याची, तिथं कुणी झोपू नये, दुरुस्ती काय. मार्क त्या पानालाही असावेत.

यंदा करमाळा तालुक्यात माळवदं मोजायला कुणी येणार असेल तर जेऊरला राहायची, जेवायची सोय मी करतो. ते पान मात्र घेऊन या.