आजारपणाचा खाडा

कर्जत तालुक्यात ऊसतोड दोन्ही अंगांनी पाहावयास मिळते. कुकडीच्या कालव्यावर आणि भीमेच्या काठाला जिथे ऊस उभा राहिला, तिथे हंगामात परगावच्या टोळ्यांच्या कोप्या पडतात. आणि ज्या वस्त्यांना ते पाणी पोहोचलेच नाही, तेथील आमची माणसे त्याच दिवसांत बिऱ्हाड बांधून दुसऱ्यांच्या उसाला जातात. जाणारे असोत वा येणारे, एका शब्दाला सर्वच भितात. तो शब्द म्हणजे खाडा.

खाडा म्हणजे गैरहजेरी, हे खरे. पण कारखान्यातला कामगार तापाने पडला तर फार तर त्याचा त्या दिवसाचा पगार जातो. फडात मजुरी तर बुडतेच, वर दंडही बसतो! दिवसाला 500 रुपये आणि त्याहून अधिक कापल्याच्या तक्रारी वृत्तपत्रांतून आलेल्या आहेत. त्यातून नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. बाई आजारी पडली की तो अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याचे काम मुकादमाच्या हिशेबात बसत नाही. कापलेली रक्कम उचलीवर चढते. उचल फिटली नाही तर पुढचा हंगामही त्याच मुकादमाकडे. तीन दिवसांचा ताप असा वर्षभर अंगात राहतो.

याचा धसका बायकांनी किती घेतला असेल? बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांची पाहणी 2019 साली शासनाच्या समितीने केली. 82,309 महिलांपैकी 13,861 जणींची गर्भाशये काढलेली आढळली. यात डॉक्टरांची घाई आहे, अज्ञान आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण पाळीच्या दुखण्यापायी पडणारा खाडा परवडत नाही, हेही त्या भगिनी सांगत आल्या आहेत.

आजारी कामगाराचे काय करावे, याचे उत्तर या देशात कुणी शोधलेच नाही असे मात्र नाही. स्त्री कामगारांना बाळंतपणाची पगारी रजा मिळावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1928 साली मुंबई कायदेमंडळात बोलले. 1942 ते 1946 या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, 1944 साली, प्रा. अदारकर यांचा कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल आला व त्यातून 1948 चा राज्य विमा कायदा झाला. ज्याच्या नावे वर्गणी भरली जाते त्या आजारी कामगाराला या योजनेत वर्षाला 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के रक्कम मिळत आली आहे. आजारपणाचा हा भत्ता चालू असताना कामावरून काढण्यासही त्या कायद्याने मनाई केली होती. आमच्या तालुक्यातील जी मुले सुपे, रांजणगाव येथील कंपन्यांत लागली आहेत, त्यांनी आपले विम्याचे कार्ड निघाले की नाही, ठेकेदार वर्गणी खरोखर भरतो की नाही, हे आजारी पडण्याआधीच पाहून घ्यावे.

ऊसतोडीची जोडी मात्र कारखान्याच्या हजेरीपटावर नसते, म्हणून हे छत्र तिच्या डोक्यावर आले नाही. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली, याचा आम्हांस आनंदच आहे. पण पडून असलेला माणूस टन तोडीत नाही, त्याला तो दर शून्यच.

दुखण्यातून उठलेल्या माणसाचे काय, हाही प्रश्न आहे. कंपनीत डॉक्टरचा फिटनेसचा दाखला मागतात. फडात उठून बसला की तो बरा झाला, असे समजतात! बाळंतपणातून वा ऑपरेशनमधून उठलेल्या बाईला डोक्यावर मोळी देऊन ट्रकच्या फळीवर चढविणे म्हणजे तिला पुन्हा अंथरुणावर पाठविणेच होय. तिच्याकडे काही दिवस वाढे बांधण्याचे काम द्यावे, मोळ्या दुसऱ्यांनी वाहाव्यात. एवढे टोळीने ठरविले तर मुकादमाचेही नुकसान होत नाही, कारण कोयता फडात राहतो.

उचल घेताना बोलणी होतात, तेव्हाच आजारपणाच्या दिवसाला दंड नाही हे कागदावर लिहून घ्यावे. मुकादम सहजासहजी लिहून देणार नाही, हे आम्ही जाणतो. निदान सरकारी दवाखान्याचा केसपेपर जपून ठेवावा. शाळेत जाणाऱ्या मुलीकडून एका वहीत तारीख, आजार, किती दिवस गेले व किती पैसे कापले, एवढे लिहवून घ्यावे. कागदाचा फोटो मोबाईलमध्ये असू द्यावा, कोपीत कागद भिजतात. हिशेबाच्या दिवशी ती वही मुकादमासमोर ठेवावी, आणि टोळीतल्या चार-पाच जोड्यांनी एकदमच ठेवली तर अधिक बरे.