मानवतची पोर मोठी कधी होणार?

ऑक्टोबर 2024 मध्ये ‘मानवत मर्डर्स’ ही वेब सीरिज आली, तेव्हा दोन दिवसांत सात जणांनी मला तिची लिंक पाठवली. एरवी परभणी बातम्यांत येते ती थंडीच्या आकड्यासाठी, नाहीतर दुष्काळासाठी. त्यामुळे आम्ही हरखलो होतो, खोटं कशाला बोलू? मीही एका रात्रीत संपवली. नववीतली भाची अधूनमधून फोनमध्ये डोकावत होती. म्हणाली, “मावशी, ह्याच्यात पोरी नुसत्या मरूच लागल्या की. एखादी वाचून मोठी होत नाही का?”

खरी घटना आहे गं, असं म्हणून मी विषय टाळला. घटना खरीच आहे. 1972 ते 1974 या काळात मानवतमध्ये बायकांचे आणि लहान मुलींचे खून झाले, गुप्तधनाच्या लोभातून. मुंबईहून रमाकांत कुलकर्णी तपासाला आले. आमच्या आया-आज्या त्यानंतर कित्येक वर्षं दिवेलागणीला पोरींना घरात ओढून घेत.

माझं भांडण त्या सीरिजशी नाही. भांडण हे आहे की आमच्या वाट्याला तेवढीच आली. रहस्य आहे, मंत्रतंत्र आहे, जमिनीखालचं धन आहे, पोरी आहेत. फँटसीला लागणारं सगळं सामान आमच्याच जिल्ह्यातलं. पण त्यातली पोर पहिल्या भागात मरते आणि पुढचे सगळे भाग पुरुषाच्या तपासाचे.

उर्सुला ले ग्विननं हेच सामान वेगळं वापरलं. तिच्या ‘अर्थसी’ मालिकेतली तेनार 1971 च्या पुस्तकात अंधाऱ्या थडग्यांची राखण करणारी पोर आहे. 1990 च्या ‘तेहानू’त ती मध्यमवयीन विधवा झालीय आणि मोठ्यांनी आगीत ढकललेल्या एका मुलीला सांभाळतेय. ती भाजलेली मुलगी शेवटी ड्रॅगनची लेक निघते. (सांगून टाकलं, माफ करा. तरी वाचा.) मी ते पुस्तक मिटवलं तेव्हा मला मानवत आठवलं, दुसरं काही नाही.

मराठीत काहीच नाही असं नाही. धारपांच्या भयकथांवर आमची एक पिढी वाढली, पण तिथे संकटातून सोडवायला समर्थ येतात. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे सगळीकडे धडपडतो, पण तो पोरगा. आणि हॅरी पॉटर मराठीत आला, भाचीनं वाचलाही. तिला हर्मायनी आवडते आणि पुस्तकावर नाव हॅरीचं का, हे तिला अजून पटलेलं नाही.

हे सगळं मी एका साहित्यिक गप्पांत बोलले, तर एक ज्येष्ठ म्हणाले, “तुमच्या भागात आधीच अंधश्रद्धा. त्यात जादूची पुस्तकं कशाला?” शेजारचे म्हणाले, मराठवाड्यानं आपलं दुःख लिहावं. म्हणजे ड्रॅगन पुण्याच्या पोरांना आणि आम्हाला कोरडी विहीर!

अंधश्रद्धेचं उत्तर मात्र नीट द्यायला हवं, कारण ती भीती खोटी नाही. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा दाभोलकरांचा जीव गेल्यावरच आला. पण मानवतच्या खुन्यांनी काय फँटसी वाचली होती? त्यांनी मांत्रिकावर विश्वास ठेवला. मांत्रिक सांगतो, शक्ती माझ्याकडे आहे, तू फक्त बळी दे. चांगली फँटसी बरोबर उलटं सांगते: जादूला नियम असतात आणि तिची किंमत वापरणाऱ्यानंच मोजायची, दुसऱ्याच्या लेकीनं नाही. खरं मानणं आणि खेळ म्हणून मानणं, यातला फरक गोष्टी वाचणाऱ्या पोराला आधी कळतो.

बरं, जादू आम्हाला नवी आहे का? गंगाखेडची जनी लहानपणी घर सोडून पंढरपूरला गेली, नामदेवांच्या घरी राबली, तिच्यासोबत देव दळायला बसला, आणि ती कवी झाली. ही वाढत जाणाऱ्या नायिकेची गोष्ट नाही तर काय? पण तिला आपण फोटोत आणि पालखीत बसवून ठेवलंय.

आणि ड्रॅगन? सेलू तालुक्यातल्या वालूरची बारव बघून या. तिच्या पायऱ्या सरळ उतरत नाहीत, गोल फिरत खाली जातात, वेटोळं घालून बसलेल्या अजस्र नागासारख्या. कित्येक वर्षं ती गाळ-कचऱ्यानं भरली होती, गावकऱ्यांनी राबून मोकळी केली. मी भाचीला घेऊन गेले होते. तिनं काठावरून वाकून विचारलं, “हा उठला तर डोकं कुठून काढील?”

प्रकाशकांना विचारलं तर म्हणतात, मालिका खपत नाही, एकच पुस्तक द्या. एका पुस्तकात पोर मोठी होत नसते हो. तिला अकरा वर्षांची असताना चुकू द्यावं लागतं, चौदाव्या वर्षी आईशी भांडू द्यावं लागतं, विसाव्या वर्षी नागाशी करार मोडू द्यावा लागतो. निदान पाच पुस्तकं. शिवाय ती परभणीच्या बोलीत बोलली पाहिजे, आणि तळटीप न देता.

भाचीनं दोनशेपानी वही आणलीय. नायिका मानवतची आहे एवढंच तिनं सांगितलं. मी विचारलं, पहिल्या भागात काय होतं? म्हणाली, “मांत्रिक पोरीला न्यायला येतो. पण ती घरी नसते. बारवेत गेलेली असते.”