विश्लेषण : जाहिरात मालकाला आवडावी की गिऱ्हाईकाला?

‘परंपरा, दर्जा आणि विश्वास यांचा त्रिवेणी संगम.’ ही ओळ साड्यांच्या दुकानाची, दातांच्या दवाखान्याची की क्लासची, हे सांगता येत नाही. तरीही ती मंजूर होते, कारण पैसे देणाऱ्याला ती आपल्या कष्टांची पावती वाटते. जाहिरात लिहिणाऱ्याचा मसुदा बहुतेक वेळा इथेच अडतो.

अमूलला मोकळीक का मिळाली?

१९६६ मध्ये अमूल बटरचे काम सिल्व्हेस्टर डाकुन्हा यांच्या संस्थेकडे आले. चालू घडामोडींवरच्या त्या फलकांसाठी दर वेळी आधी मंजुरी घेण्याची अट डॉ. व्हर्गीस कुरियन यांनी ठेवली नाही. मंजुरीत आठवडा गेला तर बातमी शिळी आणि विनोदही शिळा, हे साधे गणित होते. ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी मात्र कायम राहिली आणि लोण्याची आठवणही. म्हणजे काय विकायचे ते ठरलेले, कसे बोलायचे ते लिहिणाऱ्यावर सोपवलेले. असा जाहिरातदार विरळाच, हेही खरे.

जाहिरातदाराचेच ऐकावे असे काय?

वस्तुस्थिती आणि कायदा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा तेच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यामुळे ‘हमखास’ हा शब्द लिहिणाऱ्याला कितीही चटपटीत वाटला, तरी मालकाने तो खोडला तर वाद घालू नये. महारेराने १ ऑगस्ट २०२३ पासून गृहप्रकल्पांच्या जाहिरातीत क्यूआर कोड बंधनकारक केला. मांडणी बिघडते ही तक्रार तिथे चालत नाही.

आवडीनिवडीचे प्रश्न मात्र बैठकीत सुटत नाहीत. गुगलवरच्या शोध-जाहिरातीत एका मथळ्याला ३० अक्षरखुणांची मर्यादा असते, तिथे ‘त्रिवेणी संगम’ परवडत नाही. मालकाची ओळ आणि लेखकाची ओळ, दोन्ही थोड्या पैशांत चालवून पाहाव्यात. बाकी काही बदलू नये, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळत नाही (अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेतला हा धडा इथे कामी येतो). आणि मोजायचे ते क्लिक नव्हे, तर आलेले फोन आणि झालेली विक्री.

मराठीत आणखी एक अडचण आहे. अनेकदा मंजुरी इंग्रजी किंवा हिंदी मजकुराला मिळते आणि वाचकासमोर येते त्याचे घाईतले भाषांतर. मालकाने पसंत केलेली ओळ एक, गिऱ्हाईकाने वाचलेली दुसरीच. मराठी मसुदा निदान काउंटरवर बसणाऱ्या माणसाला तरी वाचून दाखवावा. ‘धुतल्यावर रंग जातो का?’, ‘बदलून मिळेल का?’ हे प्रश्न तो रोज ऐकतो आणि त्यांची उत्तरे मजकुरात नसतील तर ते त्याच्या लगेच लक्षात येते.