भ्रमराचे अर्धे चरित्र

मराठी कवितेत फुलावर बसलेला कीटक बहुधा भ्रमर असतो, आणि भ्रमर बहुधा प्रियकर नाही तर भक्त असतो. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायातला भ्रमर मात्र याहून मोठा आहे. कोरडे लाकूड सहज भेदणारा तो कोवळ्या कळीत अडकून पडतो, आणि त्यावरून अर्जुनाच्या मोहाचे बळ कळते. जुन्या वाशांत भोक पाडून घर करणारा काळा भुंगा पाहिलेल्या कोणालाही हा दृष्टान्त निरीक्षणातून आला आहे हे पटेल. पुढील काव्यसंकेताने त्यातले फूल ठेवले आणि लाकूड टाकून दिले, असे माझे मत आहे.

लाकूड आणि फूल एकाच आयुष्यात जोडणारा आणखी एक जीव म्हणजे लांब मिशांचा भुंगेरा. त्याच्या कुळातील 'क्लोरोफोरस अ‍ॅन्युलॅरिस' हा भारतात व आग्नेय आशियात आढळतो. पिवळ्या अंगावर काळी वलये, लांबी एक ते दीड सेंटिमीटर. त्याची अळी तोडलेल्या बांबूत महिनोन्महिने अंधारात पोखरत राहते, आतच कोषात जाते, आणि पंख फुटल्यावर भुंगेरा बाहेर येऊन फुलांवर जातो. आपल्याला दिसतो तो या चरित्राचा शेवटचा, थोडक्या दिवसांचा अध्याय.

यंत्रमागांची भिवंडी आता गोदामांचीही झाली आहे, आणि गोदामात या कुळाचे नाव 'कीड' असते. १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये याच कुळातला एक आशियाई भुंगेरा जिवंत झाडे पोखरताना सापडला. तो लाकडी वेष्टनांतून आला असे मानले जाते. अशाच प्रवासांना आळा घालण्यासाठी २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय नियम आला: निर्यातीच्या लाकडी वेष्टनाचा गाभा ५६ अंश सेल्सियसला निदान ३० मिनिटे तापवावा, नाहीतर धुरी द्यावी. नियम रास्तच आहे. पण भिवंडी आणि वसई तालुक्यांत पसरलेल्या, २००३ मध्ये घोषित झालेल्या तुंगारेश्वर अभयारण्यासारख्या रानात पडलेले लाकूड पोखरणाऱ्या अळ्या त्याची माती होण्यास हातभार लावतात. तिथले वाळके खोड 'कचरा' म्हणून उचलले, तर पुढल्या वर्षी फुलावर येणारे भुंगेरेही त्याच्याबरोबर जातात.

गोदामात कीड, कवितेत प्रियकर. दोन्ही नावे अर्ध्या आयुष्याला दिलेली आहेत. वर्गात भ्रमराची प्रतिमा शिकवताना ज्ञानेश्वरांचे ते कोरडे लाकूडही शिकवावे, एवढेच सुचवायचे आहे.