आई कामावर, लेकरू कोणाकडे?

औसा तालुक्यात सोयाबीनची काढणी सुरू झाली की वस्तीत दिवसा म्हातारी माणसे आणि लेकरेच उरतात. त्यांत आठ-दहा वर्षांची एखादी मुलगीही असते. तिच्या कडेवर धाकटा भाऊ आणि शाळेच्या हजेरीत तिच्या नावापुढे गैरहजेरी. घरच्या घरी लेकरू सांभाळायला पैसा लागत नाही, असे आपण म्हणतो. पण तो खर्च ती मुलगी आपल्या शिक्षणातून भरत असते.

आता पैशाचा हिशेब मांडू. समजा, आईची मजुरी 300 रुपये आणि महिन्यात 20 दिवस काम, म्हणजे 6000 रुपये. पाळणाघराने 1500 मागितले की घरचे म्हणतात, "बाईच्या कमाईचा चौथा हिस्सा गेला, मग घरीच बसलेली बरी." हा हिशेबच चुकीचा आहे. लेकरू दोघांचे आहे. बापाची कमाई 8000 धरली तर दोघांच्या 14000 मधून 1500 जातात, म्हणजे नवव्या हिश्श्याहूनही थोडे कमी.

पहिली चौकशी अंगणवाडीत करावी. 1975 साली सुरू झालेल्या या योजनेत सहा महिने ते सहा वर्षांच्या बालकांना पोषण आहार आणि तीन वर्षांपुढील बालकांना शाळापूर्व शिक्षण मोफत मिळते. अडचण वेळेची आहे. अंगणवाडी लवकर सुटते आणि मजूर बाई दिवस मावळता परतते. त्यासाठी केंद्र सरकारने 2022 मध्ये 'पाळणा' योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची सोय केली. तेथे रोज साडेसात तास, महिन्यातून 26 दिवस बालक ठेवता यावे, असे ठरले. आपल्या वस्तीसाठी असे केंद्र मागायचे तर ग्रामसभेचा ठराव करून तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे अर्ज द्यावा व पोच घ्यावी.

अर्ज देताना हात जोडण्याचे कारण नाही. 1928 साली मुंबई कायदे कौन्सिलात बाळंतपणाच्या लाभाच्या विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी सांगितले होते की, लोकांचे कल्याण जपणे हे सरकारचे काम आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा. बाईच्या कष्टाचा फायदा घेणाऱ्या मालकानेही त्यात वाटा द्यावा, असे त्यांचे म्हणणे होते.

केंद्र मिळेपर्यंत काय करावे? 2005 च्या रोजगार हमी कायद्यात एक चांगली तरतूद होती. कामावर आलेल्या बायांसोबत सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक लेकरे असतील तर त्यांच्यातील एकीला लेकरे सांभाळण्यास नेमायचे आणि मजुरीही द्यायची. हीच रीत आपण गल्लीत चालवू शकतो. पाच घरांनी कामाच्या दिवशी 60-60 रुपये काढले की 300 होतात. सांभाळणाऱ्या बाईला पूर्ण रोज द्यावा. "बसूनच तर असते" असे म्हणून तो कापू नये.

जागेसाठी दिवसा रिकामे असणारे बुद्धविहार किंवा समाजमंदिर पाहावे. विहीर-हौद जवळ नसावा, फवारणीचे डबे तेथे ठेवू नयेत, पाणी झाकलेले असावे. लेकराला कोण घेऊन जाणार, हे आधी सांगून ठेवावे.

या आठवड्यात एवढेच करू. गल्लीतील सहा वर्षांखालील लेकरांची यादी करू आणि त्यांच्यापायी शाळा बुडवणाऱ्या मुलींचीही. दुसरी यादी पुसली गेली, तरच पहिलीचे काम झाले असे समजू.