ताईची कंबर का दुखते?



या आठवड्याच्या टपालात रत्नागिरीच्या एका मैत्रिणीचं पत्र आलं. ती लिहिते, 'माझी ताई नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. वॉर्डातून घरी आली, की कंबर धरून बसते. आई म्हणते, झेपत नसेल तर सोडून दे. ताई म्हणते, मुळीच सोडणार नाही. बरोबर कोणाचं?'

प्रश्न मोठा आहे बरं का! आणि तो एकट्या तिच्या ताईचा नाही. तुमच्या जिल्ह्यात डेरवणला वालावलकर रुग्णालयाच्या आवारात हे शिक्षण मिळतं. रत्नागिरी शहरात २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तिथले दादा-ताई जी विद्या शिकतात, ती जितकी पुस्तकातली, तितकीच अंगमेहनतीची. तासन्‌तास उभं राहायचं, वाकून चादरी बदलायच्या, आजाऱ्याला कुशीवर वळवायचं, खुर्चीत बसवायचं. आणि रात्री पुन्हा वहीत मान घालून लिहायचं! मग खांदे पुढे येतात, पाठीला पोक येतो, एकाच पायावर भार देऊन उभं राहायची सवय लागते.

पण वाकल्यावर कंबरच का दुखते? एक प्रयोग करून बघा. वह्या-पुस्तकं भरलेली पिशवी छातीशी धरा. आता तीच पिशवी हात लांब करून धरा. काय झालं? दमलात ना! पिशवी तीच, पण ती कण्यापासून दूर गेली. कण्याला मागून ओढून धरणारे स्नायू कण्याच्या अगदी जवळ, साधारण ५ सेंटिमीटरवर असतात. पिशवी असते ५० सेंटिमीटर पुढे. बागेतल्या सी-सॉचं गणित आठवा. ५ किलोची पिशवी तोलायला त्या बिचाऱ्या स्नायूंना ५० किलोचा जोर लावावा लागतो! वाकलं की त्यात आपल्या डोक्याचं, धडाचं वजनही येतं.

मिरकरवाडा बंदरावर माशांची पाटी डोक्यावर घेऊन ताठ चालणाऱ्या मावशी तुम्ही पाहिल्या असतील. मानेवर भार येतो खरा, पण ओझं कण्याच्या बरोबर वर असतं, म्हणून कंबरेला असं ओढत बसावं लागत नाही. आता आजाऱ्याला काही डोक्यावर घेता येत नाही! शिवाय माणूस म्हणजे पेटी नव्हे. त्याला धरायला कडी नसते, तो मध्येच हलतो, घाबरतो. म्हणूनच अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २००७ साली सुचवलं, की रुग्णाला हलवताना एकाने हाताने सुमारे १६ किलोंपेक्षा जास्त भार उचलू नये.

मग साठ किलोच्या आजोबांना सरकवायचं कसं? त्याचीच तर युक्ती शिकायची! नर्सिंगच्या अभ्यासात त्यासाठी 'बॉडी मेकॅनिक्स' नावाचा धडा असतो. आधी खाटेच्या चाकांना ब्रेक लावायचा. खाट वर-खाली होत असेल, तर ती कंबरेच्या उंचीला आणायची. पायांत अंतर ठेवून गुडघे वाकवायचे, पाठ नाही. आजोबांच्या अगदी जवळ उभं राहायचं. दोघी-चौघींनी 'एक, दोन, तीन' म्हणत त्यांना अंगाखालच्या चादरीसकट सरकवायचं. वळायचं तर कंबर पिळायची नाही, पावलं वळवायची.

आता पत्राचं उत्तर. मैत्रिणी, आईचंही बरोबर आहे आणि ताईचंही. दुखणं खरं आहे, ते अंगावर काढू नये. काही दिवसांत थांबलं नाही, कळ पायात उतरली किंवा पायाला मुंग्या आल्या, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. पण म्हणून शिक्षण सोडायला नको. ताईला एवढंच सांग, की घाईच्या वेळीही मैत्रिणीला हाक मारायची, 'जरा हात लाव गं!' यात कमीपणा नाही. एकटीने ओढताना तिची कंबर लचकेल आणि आजोबाही पडतील.

आई-बाबांनो, 'झेपत नाही का?' असं विचारण्याऐवजी 'कसं उचलतेस, दाखव बघू' असं विचारून बघा.

आणि मुलांनो, तुमच्या दप्तराचं काय? आपल्या राज्य सरकारने २०१५ साली ठरवलं, की दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जड नको. म्हणजे तुम्ही ३० किलोचे असाल, तर दप्तर ३ किलोंचं. आज रात्री दप्तर भराल ना, तेव्हा वजनकाट्यावर ठेवा. किती भरलं, ते पत्रातून जरूर कळवा हं!